माहलरचा पंचम

गुस्ताव माहलरची पहिली सिम्फनी एकाच स्वराने उघडते, पण तो स्वर सात सप्तकांत पसरलेला असतो. तळाच्या डबल बासपासून व्हायोलिनच्या अगदी वरच्या टोकापर्यंत सारी तंतुवाद्यं तो धरून राहतात. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेतल्या श्रोत्याला ओळख करून द्यावी लागू नये असाच हा आरंभ आहे: तंबोरा जुळला, आता गाणं येणार.

२० नोव्हेंबर १८८९ रोजी बुडापेस्टला ही रचना पहिल्यांदा वाजली, तेव्हा माहलरला तो स्वर फार जड वाटला. त्याला हवेची चमचम हवी होती. मग त्याला उपाय सुचला. तार पूर्ण दाबायचीच नाही, ठरावीक जागी बोट नुसतं टेकवायचं. मूळ नाद गप्प होतो आणि तारेत दडलेले उपस्वर तेवढे उमटतात. खालचे काही बास सोडून सगळी तंतुवाद्यं तिथे अशीच वाजतात.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिकलगार कारागीर त्याच उपस्वरांसाठी तंबोऱ्याची घोडी घासतात. जवारी लावतात ती हीच. घोडीच्या माथ्याला इतका हलका उतार देतात की छेडलेली तार त्यावर टेकत, सुटत राहते आणि उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकला की नाद खुलतो, आणि खर्जातून कुणीही न लावलेला गंधार ऐकू येतो. छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात जोमाने वाजतात, असं सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवलं. हे वाचल्यावर मला माहलर आणि शिकलगार कारागीर एकाच ध्यासाचे वाटू लागले.

पण माहलरचं खरं धाडस पुढे आहे. तीन-चार मिनिटं माझा कान त्या स्वराला षड्ज मानून बसतो. दुरून तुताऱ्या येतात, क्लॅरिनेटवर कुकू पक्षी हाक देतो. मग चेलो तीच हाक उचलतात, तिचं चालतं-बोलतं गाणं होतं, आणि सारा वेळ धरलेला तो स्वर पंचम निघतो! सा आत्ता सापडला. पक्ष्याने तो आधीच सांगितला होता. मूर्च्छना जाणणाऱ्या आपल्या कानांनी ही जागा ऐकायलाच हवी, शक्यतो हेडफोन लावून, कारण सुरुवातीचा तो पंचम फार हळू वाजतो.