पाटणचे ओतारी आणि अर्निको

मूर्ती समोर आली की माझी नजर आधी तिच्या बैठकीकडं जाते. काठमांडूच्या खोऱ्यात घडलेल्या जुन्या बौद्ध मूर्तींच्या बैठकीवर पुष्कळदा लेख कोरलेला असतो. त्यात नेपाळ संवताचं वर्ष असतं. दात्याचं नाव असतं, कुणाच्या पुण्यासाठी दान दिलं तेही असतं. घडवणाऱ्याचं नाव क्वचितच सापडतं. जगभरच्या संग्रहालयांत तारा, अवलोकितेश्वर, अक्षोभ्य काचेआड बसले आहेत आणि पाटीवर फार तर देश आणि शतक. हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे. त्या खटक्याचा माग काढता काढता अर्निको भेटला.

अर्निकोचा जन्म १२४५ चा. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार समाजातला, आणि नेपाळच्या समकालीन लेखनात त्याचा उल्लेखही नाही. त्याची हकीकत टिकली ती चीनमध्ये. एक म्हणजे ‘युआन-शी’ हा मंगोल राजवटीचा अधिकृत इतिहास, आणि दुसरा छंग च्युफू या दरबारी विद्वानानं त्याच्या समाधीसाठी रचलेला लेख. मला हा दुसरा दस्तऐवज अधिक मोलाचा वाटतो. त्यात एक प्रसंग आहे. तीन वर्षांचा अर्निको आईबापांबरोबर स्तूपाच्या दर्शनाला जातो, वर पाहतो आणि विचारतो, हे कुणी केलं? दरबारी लेखकाला थोरांच्या बालपणी अशी चिन्हं पेरायची सवय असते, हे मान्य. तरीही एका कारागिराच्या चरित्राची सुरुवात याच प्रश्नानं व्हावी, याचं मला फार अप्रूप आहे.

१२६० मध्ये मंगोल सम्राट कुब्लाई खानानं तिबेटात सोन्याचा स्तूप उभारायचं ठरवलं आणि नेपाळकडं शंभर कारागीर मागितले. १२५५ च्या भूकंपानं खोऱ्याची दैना केली होती, राजा अभय मल्ल त्यातच गेला होता. मिळाले ऐंशी. त्यांना घेऊन जायला म्होरक्या मिळेना, तेव्हा कोवळ्या वयाचा अर्निको पुढं झाला. पोर आहे म्हणून लोकांनी हरकत घेतली. वय लहान असलं तरी मन लहान नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला आणि निघाला.

स्तूप झाला. अर्निकोला घरी परतायचं होतं, पण खानाचे गुरू फाग्पा यांनी त्याला दीक्षा दिली आणि दरबारात नेलं. खानानं विचारलं, कशासाठी आलास? तिबेटातली माणसं युद्धानं गांजली आहेत, त्यांना स्वास्थ्य द्यावं म्हणून, असं उत्तर इतिहासकारानं नोंदवलं आहे. मग खानानं त्याच्यासमोर एक तांब्याचा पुतळा ठेवला. वैद्यांना सुया टोचण्याचे बिंदू शिकवण्यासाठी केलेला, चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबाराकडून आलेला, जुना आणि मोडलेला. तो दुरुस्त करणारा कुणी मिळत नव्हता. असं काम पूर्वी केलेलं नाही, करून बघतो, एवढंच अर्निको म्हणाला. १२६५ मध्ये पुतळा सगळ्या नाड्यांसकट तयार झाला आणि दरबारचे धातुकार खाली मान घालून उभे राहिले.

पुढची चढती कमान भराभर सांगून टाकतो. १२७३ मध्ये तो सगळ्या कारागिरांचा प्रमुख झाला. १२७८ मध्ये खानाच्या हुकुमानं भिक्षूची वस्त्रं उतरवून मंत्रिपदाला पोचला. बीजिंगच्या म्याओयिंग मंदिरातला पांढरा स्तूप त्याचाच. १२७१ ते १२७९ या काळात बांधलेला, सुमारे एक्कावन्न मीटर उंच, आजही उभा. १३०६ मध्ये तो वारला. समाधिलेखात त्याच्या कामांची यादी आहे: तीन स्तूप, नऊ मोठी बौद्ध मंदिरं आणि एक ताओ मंदिरसुद्धा. काठमांडूहून तिबेटच्या सीमेकडं जाणाऱ्या महामार्गाला आज त्याचं नाव आहे.

आता काठमांडूच्या खोऱ्यातलं पाटण. तिथल्या ओकु बहालच्या आसपास शाक्य घराण्यांचे कारखाने आजही चालतात. मेणात सालवृक्षाची राळ आणि तूप मिसळून मूर्ती घडवायची, तिच्यावर आधी शेणमातीचा पातळ हात आणि मग तुसाच्या मातीचे थर द्यायचे. तापवून मेण ओघळू द्यायचं आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओतायचा. साचा फोडावाच लागतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ज्या ‘मानसोल्लासा’त आपण जुन्या मराठीच्या खुणा शोधतो, त्याच ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वरानं बाराव्या शतकात मेणावरून ओतकामाची रीत लिहून ठेवली आहे. मेणाच्या वजनावरून धातूचं वजन काढायचं: चांदी बारापट, सोनं सोळापट. राजानं रीत लिहिली, म्हणून राजाचं नाव राहिलं.

नेवार ओतारी पितळापेक्षा तांबं पसंत करतात, ते मुलाम्यासाठी. शिसं मिसळलेल्या धातूवर डाग पडतात, शुद्ध तांब्यावर सोनं नितळ बसतं. सोनं पाऱ्यात घोटून त्याचा लोण्यासारखा लगदा करतात, मूर्तीला फासतात आणि ज्योतीनं तापवतात. पारा उडून जातो, सोनं तांब्याला धरून राहतं. मग अकीकाच्या घोटणीनं चकाकी आणतात. मेणकाम, ओतकाम, छिन्नीकाम, मुलामा, डोळे रंगवणं ही कामं बहुधा वेगवेगळ्या हातांची. त्यातला मुलाम्याचा हात सगळ्यात महाग पडतो. पाऱ्याच्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासातून मज्जासंस्थेत आणि मूत्रपिंडांत जाते, हातांना कंप सुटतो. ज्या हातांनी बुद्धाची शांत मुद्रा उजळली त्यांनाच कापरं भरावं, हे मला सहन होत नाही. पाऱ्यावर आळा घालणारा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, पण गल्लीतल्या कारखान्याला करारापेक्षा धुराडं, वाफ खेचून गार करणारी भट्टी आणि तिचा खर्च उचलणारं गिऱ्हाईक हवं.

ते गिऱ्हाईक आता आपल्यातही आहे. धम्मदीक्षेनंतर महिन्याभरानं, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. आज महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत बुद्धमूर्ती आहे. पुढं कधी विहारासाठी किंवा ध्यानाच्या खोलीसाठी पाटणची सोनेरी मूर्ती घ्याल, तेव्हा घासाघीस करण्याआधी विक्रेत्याला विचारा: ओतली कुणी, मुलामा कुणी दिला, पाऱ्याची वाफ बाहेर काढायची सोय होती का? आणि मिळालेली नावं मूर्तीच्या पावतीवर लिहून घ्या.