बैलाच्या स्नायूंतील शक्ती व तिचा विनियोग

मृगाचा पाऊस होऊन जमिनीस वाफसा आला, म्हणजे चार दिवसांत पेरणी उरकावी अशी घाई प्रत्येक शेतकऱ्यास होते. अशा वेळी पाभरीचा बैल मध्येच थांबला, तर तो आळशी किंवा खोडकर ठरतो आणि पराणी उगारली जाते. वास्तविक पुष्कळ वेळा बैलास काम करावयाचे नसते असे नाही. त्याच्या स्नायूंस त्या क्षणी काम करताच येत नसते. हे असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचे आम्ही योजिले आहे. यंत्राने नांगरट होऊ लागली असली, तरी ज्यांच्या दावणीस बैल आहेत त्यांस हा विषय उपयोगी पडेल.

स्नायू म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या जुड्या होत. त्यांत जाड व बारीक असे दोन प्रकारचे तंतू एकमेकांत गुंतविल्यासारखे असतात. विहिरीतून पोहरा काढताना आपण हातावर हात टाकून दोर ओढतो. त्याचप्रमाणे जाड तंतूवरील चिमुकले आकडे बारीक तंतूस धरतात, ओढतात, सोडतात व पुन्हा पुढे धरतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली दोन निरनिराळ्या संशोधक जोड्यांनी दाखवून दिले.

प्रत्येक ओढीस अॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट नावाचे द्रव्य खर्ची पडते. १९२९ साली जर्मनीत लोमान यांनी आणि अमेरिकेत फिस्क व आंध्रातून तेथे गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ते शोधून काढले. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आकड्यास धरलेला तंतू सोडावयासही हेच द्रव्य लागते. जनावर मेल्यावर काही तासांनी ताठरते, हे सर्वांच्या पाहण्यात असेल. हे द्रव्य संपले व आकडे धरलेल्या जागीच अडकून राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

आता हे द्रव्य येते कोठून? शेतकऱ्याच्या पैशाची उपमा येथे चांगली लागू पडते. स्नायूत ते तयार स्वरूपात दोन-तीन सेकंदांपुरतेच असते. ही कनवटीची रोकड होय. तिच्या मागे क्रिएटीन फॉस्फेट ही पेटीतील शिल्लक असते. ती जोराच्या कामात आणखी सात-आठ सेकंद पुरते. रुतलेली गाडी बैल एका हिसक्यासरशी काढतो, तो या दोहोंच्या बळावर. थोडी विश्रांती मिळाली की ही शिल्लक पुन्हा भरते.

जोराचे काम पुढेही चालूच राहिले, तर स्नायूत साठविलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, प्राणवायूवाचून फोडली जाते. ही रक्कम हाती लवकर येते, पण सावकारी कर्जाप्रमाणे महाग पडते. द्राक्षशर्करेच्या एका कणापासून या रीतीने त्या द्रव्याचे अवघे २ कण मिळतात. तोच कण प्राणवायूच्या साहाय्याने पुरता जळाला, तर सुमारे ३० मिळतात. कर्ज वाढले म्हणजे आंबटपणा व सुटलेले फॉस्फेट स्नायूत साचतात, तंतूंची पकड ढिली पडते आणि बैल थांबतो. तेथे पराणी काय करणार?

प्राणवायूवर चालणारे ज्वलन हेच स्नायूचे खरे उत्पन्न होय. ते सावकाश येते, पण दिवसभर पुरते. बैलाच्या बाबतीत तर याचे महत्त्व विशेष आहे. त्याने खाल्लेली वैरण पोटातील सूक्ष्म जंतू आंबवितात आणि तिच्यापासून मुख्यतः मेदाम्ले बनतात. शर्करा थोडीच मिळते व बहुतेक यकृतास बनवावी लागते. मेदाम्ले प्राणवायूवाचून मुळीच कामी येत नाहीत. शिवाय स्नायूतील शर्करेचा साठा एकदा रिता झाला, तर रवंथ करणाऱ्या जनावरांत तो मनुष्यापेक्षा फार हळू भरतो. सारांश, बैल हा स्वभावतःच संथ व अखंड कामाचा प्राणी आहे. त्याला धावडविणे म्हणजे त्याच्या भांडवलास हात घालणे होय.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. ४०० किलो वजनाचा बैल आपल्या वजनाच्या एक-दशांश ओढ, ताशी अडीच किलोमीटर चालीने घेत आहे असे धरू. त्याचे तासाभराचे काम सुमारे २३५ किलोकॅलरी भरते. परंतु स्नायू खर्चिलेल्या शक्तीपैकी साधारण चौथा हिस्साच कामात उतरवितो. बाकीची, म्हणजे ७०० किलोकॅलरी, उष्णता होते. भर उन्हात ती घामावाटे व श्वासावाटेच बाहेर टाकावयाची, तर तासास सव्वा लिटर पाणी खर्ची पडते. शरीराची नेहमीची व नुसत्या चालण्याची उष्णता यांहून निराळी. हे पाणी न मिळाल्यास उष्णता अंगात कोंडते व चांगला बैल ऐन हंगामात दगावतो.

दुसऱ्या दिवशी जनावर आखडते, ते अंगात दुग्धाम्ल राहिल्याने, असा समज आहे. तो बरोबर नव्हे. दुग्धाम्ल साधारण तासाभरात यकृत, हृदय व इतर स्नायू वापरून टाकतात. आखडण्याचे कारण, सवय नसलेल्या कामाने तंतूंस झालेल्या सूक्ष्म इजा, हे होय. हलक्या कामापासून क्रमाने वाढवीत गेल्यास स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, प्राणवायूचा उपयोग अधिक होतो व तेच काम कमी थकव्याने पार पडते.

यावरून काही नियम सहज निघतात. बसून राहिलेल्या बैलांस पेरणीपूर्वी दोन-तीन आठवडे थोडे थोडे कामास लावावे. जोड समान बळाची असावी; नाही तर दुबळ्या बैलावर सारा दिवस कर्ज चढत राहते. दर काही फेऱ्यांनी धुऱ्यावर दम घेऊ द्यावा. काम सकाळी व उन्हे उतरल्यावर घ्यावे. दुपारी सावली, पाणी व रवंथास निवांत वेळ द्यावा, कारण रवंथ ही बैलाची सुस्ती नसून त्याच्या चुलीत सरपण घालणे आहे. तोंड उघडे पडून जीभ बाहेर आली व फेस गळू लागला, की जू तात्काळ उतरावे, जनावर सावलीत न्यावे व अंगावर पाणी ओतावे. ताकद यावी म्हणून एकाएकी पायलीभर धान्य घालू नये. त्याने पोटातच आम्ल वाढून जनावर मरते. खुराक वाढवावयाचा तो आठ-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवावा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतो, ही रीत चांगलीच आहे. परंतु त्या खांद्यामागील स्नायूंची मर्यादा वर्षभर ओळखून वागणे, हीच बैलाची खरी पूजा व शेतकऱ्याची खरी काटकसर होय, असे आम्हांस वाटते.