चौकट : बफेलो नदीवर गळ घेऊन जाताना

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या ओझार्क डोंगरांतून सुमारे २४० किलोमीटर वाहत जाऊन व्हाइट नदीस मिळणारी, आणि १९७२ साली त्या देशातील पहिली ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून कायद्याने संरक्षित झालेली बफेलो नदी कोणत्याही धरणाने अडवलेली नसल्यामुळे तिचे पाणी सर्वस्वी पर्जन्याच्या मर्जीवर चालते. सबब सफरीची तारीख पंचांगापेक्षा जलमापकाच्या नोंदीवरून मुक्रर करावी. पॉन्का येथील ठेंगण्या पुलाखाली पाण्यावर किती इंच पोकळी उरली आहे, हे पाहून वरच्या टप्प्याचा अजमास घेण्याचा तेथील रिवाज, यंत्रांच्या या जमान्यातही, मला मोठा शहाणपणाचा वाटतो. हा टप्पा वसंतातील पावसानंतर नौकेस अनुकूल असतो. ऐन उन्हाळ्यात तेथे नौकेत बसण्यापेक्षा ती गोट्यांवरून ओढण्याचेच श्रम अधिक, तेव्हा खालचा टप्पा निवडणे बरे.

नौका सपाट तळाची किंवा कनू असावी. स्मॉलमाउथ बास हा तेथील मानाचा मासा. क्रेफिश या झिंग्याच्या गोड्या पाण्यातील भाऊबंदावर त्याचा विशेष लोभ असल्याने, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथे, बुडालेल्या खडकाच्या आडोशाला तपकिरी आमिष तळालगत हलकेच सरकवावे. वाटेत थांबून गळ टाकायचा असल्याने निव्वळ वल्हवणाऱ्याच्या निम्मेच अंतर धरावे, आणि उतरण्याच्या घाटावर मोटार आगाऊ पोहोचवून ठेवावी. सोळा वर्षे व त्यावरील व्यक्तीस मासेमारीचा परवाना लागतो. काचेच्या बाटल्यांना नदीवर सक्त मनाई आहे.