दुसरी प्रत

आपल्या भागातील जुन्या शेतकऱ्यांची एक रीत तुम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकली असेल. मळणीपूर्वी ज्वारीची निवडक, टपोरी कणसे ते बियाण्यासाठी वेगळी काढीत आणि खाण्याच्या धान्याच्या कणगीत न टाकता स्वतंत्र ठेवीत. कणगीला कीड लागली तरी पुढील पेरणी अडू नये, हाच त्यातील हेतू.

आज अनेक घरांत संगणक आले आहेत. शेतीचे कागद, गुणपत्रिका, दाखले, लग्नकार्यातील छायाचित्रे, सारे त्यातच साठविले जाते. परंतु या ठेव्याचे बियाणे वेगळे काढण्याची रीत अजून रुजलेली नाही.

आमच्या घरी आजीच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून संगणकात ठेवल्या होत्या. वळवाच्या पावसात एका सायंकाळी वीज कडाडली आणि बंद पडलेला संगणक पुन्हा सुरू झालाच नाही. संगणक नवा आणता आला; पण आजी तोवर निवर्तली होती. त्या ओव्या आता कोठून आणाव्या?

अशी हानी पूर्वीही झाली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. महानुभाव अनुयायांनी स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. मात्र त्याचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. शब्द निदान आठवून लिहिता येतात. आवाज व छायाचित्र तसे परत आणता येत नाही.

१९५६ साली आपला जिल्हा हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेला. त्याच वर्षी आयबीएम या अमेरिकन कंपनीने फिरत्या चकत्यांवर माहिती साठविणारे पहिले यंत्र पुढे आणले. त्यातील ५० मोठ्या चकत्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज एक टेराबाइटच्या, तळहाताएवढ्या बाह्य ड्राइव्हवर एक लाख कोटी बाइट मावतात. अशा चकतीच्या ड्राइव्हमधील वाचक टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी उंचीवर तरंगत असते. म्हणूनच चालू ड्राइव्ह हातातून पडल्यास चकतीवर ओरखडा उठून सारे गमावण्याचा धोका असतो. ‘सॉलिड स्टेट’ प्रकारात फिरती चकती नसल्याने तो धक्के अधिक सोसतो. तथापि तोही अमर नव्हे.

आता कृती पाहू. प्रथम महत्त्वाच्या फायली एका फोल्डरमध्ये गोळा कराव्या. ड्राइव्ह तारेने जोडून त्यांची नक्कल त्यावर उतरवावी. विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ किंवा मॅकमधील ‘टाइम मशीन’ हे काम आपणहून करते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. त्यामुळे चुकून बिघडविलेली फाइलही परत मिळू शकते. तार काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ची आज्ञा द्यावी, कारण लिहिण्याचा शेवटचा भाग कधी कधी संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असतो.

यानंतर ड्राइव्ह जोडलेला ठेवू नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अनेक देशांतील संगणकांच्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. असा प्रोग्रॅम जोडलेल्या ड्राइव्हलाही सोडत नाही, आणि वीजही त्याच तारेने आत शिरू शकते.

येथे एक चूक वारंवार घडते. जागा मोकळी करण्यासाठी फायली ड्राइव्हवर हलवून संगणकातील मूळ फायली पुसून टाकल्या जातात. मग प्रत एकच उरते. ती केवळ घर बदलून बसते. प्रती दोन असतील तरच सुरक्षितता आहे. शक्य तर तिसरी प्रत मामाच्या किंवा काकांच्या घरी ठेवावी, म्हणजे पूर अथवा आग यांतूनही एक वाचेल. अधूनमधून प्रतीतील दोन-चार फायली उघडून पाहाव्या. न उगवणारे बियाणे साठवून काय उपयोग?

येत्या सुट्टीत आजी-आजोबांचा आवाज अवश्य मुद्रित करा, आणि त्याच सायंकाळी त्याची दुसरी प्रत काढा. ते काम उद्यावर टाकू नका.