ऊतिसंवर्धित रोपांसाठी कृत्रिम प्रकाशाची निवड
बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊस व केळी उत्पादकांना ऊतिसंवर्धित रोपे परिचित आहेत. ती ज्या बंद खोलीत वाढतात तेथील दिव्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. वॅट वा लक्स पाहून दिवा निवडणे सदोष आहे. लक्स हे मानवी डोळ्याचे माप. डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो. हरितद्रव्य मुख्यत्वे निळा व तांबडा प्रकाश शोषते. सबब ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील प्रकाशकण मोजावयास हवेत. केवळ तांबड्या प्रकाशात रोपे बहुधा उंच व किरकोळ होतात, म्हणून निळ्याची जोड आवश्यक ठरते. एलईडीमुळे उष्णता घटून वातानुकूलनाचा खर्चही कमी होतो. आपल्या प्रयोगशाळांत बहुधा लक्समापकच असतो. एकाच प्रकारच्या दिव्यांच्या तुलनेस तो पुरेसा आहे, भिन्न प्रकारच्या दिव्यांच्या नव्हे.