उसाचा हंगाम आणि रस्त्यावरची जनावरं

दिवाळी सरली की आमच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांचं रूप पालटतं. कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर, धनगरांची मेंढरं. गाडीवाल्यांनो, या रस्त्यावर त्यांचाही तुमच्याइतकाच हक्क आहे.

गुरांचे डोळे अंधारात चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. पण जनावर तुमच्याकडे बघत असेल तरच! पाठमोरी म्हैस काळ्या डांबरावर जवळपास दिसतच नाही. म्हणून रात्री वेग कमी हवा.

मेंढरांचा कळप आडवा आला तर हॉर्न वाजवू नका. एक बुजलं की बाकीची त्याच्यामागे धावतात. थांबा, मेंढपाळ वाट करून देतो.

आणि रिफ्लेक्टर! लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला जातो. माझं स्पष्ट मत आहे, मागून ठळक रिफ्लेक्टर दिसल्याशिवाय कारखान्यांनी एकही गाडी फाटकाबाहेर सोडू नये. बैल आणि गाडीवान, दोघांचा जीव त्यावर आहे.

जनावर जखमी दिसलं तर १९६२ ला फोन करा, माणसासाठी १०८. मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय.