गोधड्या, कूलर आणि ‘धुळीची ॲलर्जी’

घटस्थापना चार दिवसांवर आली की जालन्यात धुण्याची एकच धांदल उडते. माळ्यावरच्या गोधड्या, सतरंज्या, चादरी, सगळं अंगणात येतं. आणि नेमकं त्याच दिवसांत घरातलं चार-पाच वर्षांचं लेकरू शिंकायला लागतं, डोळे चोळतं, रात्री खोकून खोकून उठून बसतं. डॉक्टर सांगतात, धुळीची ॲलर्जी. घरचे बोट दाखवतात रस्त्याकडे, नाहीतर एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांकडे.

रस्त्याच्या फुफाट्यानं आणि धुरानं छातीचा त्रास वाढतो, यात वाद नाही. पण ॲलर्जी येते ती बहुतेक करून प्रथिनांची, मातीची नव्हे. या आजारातली ‘धूळ’ घरातली असते आणि तिच्यात राहतो माइट नावाचा आठ पायांचा जीव. नात्यानं गोचिडाचा भाऊबंद, पण लांबी जेमतेम 0.3 मिलिमीटर, त्यामुळे नजरेला पडत नाही. घरच्या धुळीतला मुख्य दोषी हाच, हे नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी 1960च्या दशकात दाखवलं. तो चावत नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, आणि त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. कोंडा सगळ्यात जास्त कुठे साठतो? अंथरुणात. लहान मूल दिवसातले दहा तास तिथंच नाक खुपसून असतं.

हा जीव पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो. म्हणून चैत्र-वैशाखात त्याचे हाल होतात, मृग बरसला की तो वाढीला लागतो आणि आश्विनापर्यंत अंथरूण भरून जातं. नवरात्रातल्या शिंकांचा हिशेब असा पावसाळ्यात सुरू झालेला असतो.

मग उन्हाळा तरी सुखाचा जावा. पण आपण कूलर लावतो! वाळ्याच्या ताट्या, टाकीभर पाणी आणि खिडक्या बंद, की खोलीत पावसाळाच आणून ठेवला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या कोरड्या प्रदेशातही कूलरच्या घरांत माइटचा अंश जास्त सापडला होता. बेचाळीस अंशांत कूलर बंद करा, असं मी कोणाला सांगणार नाही. समोरची खिडकी उघडी ठेवली की ओली हवा बाहेर पडते, आणि कूलरही त्याशिवाय नीट गार करत नाही. टाकीतलं पाणी वरचेवर बदलावं, ताट्यांना बुरशीचा वास आला तर त्या बदलाव्यात.

‘घर जितकं झाडाल तितकं चांगलं’ हा समज आयांना सगळ्यात जास्त दमवतो. कोरड्या झाडूनं बसलेली धूळ उठते आणि पोराच्या नाकापर्यंत येते. माइटचे कण जड असतात, वीस-तीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. तेवढा वेळ लेकराला बाहेर खेळू द्यावं आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसावी. दिवाळीचं जाळं-जळमट काढतानाही हाच नियम.

‘दर आठवड्याला सगळं गरम पाण्यात धुवा’ हे पुस्तकी वाक्य मात्र जालन्यात वाचताना हसू येतं. 2012-13च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत आपण होतो, आणि एरवीही शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पडदे, सोफ्याचे अभ्रे, पाहुण्यांच्या चादरी यांच्यावर पाणी घालवूच नका. जे काही पाणी हाताशी आहे ते लेकराच्या चादरीला, अभ्र्याला आणि पांघरुणाला. माइट मरायला साधारण 55 ते 60 अंशांचं पाणी लागतं हे खरं, पण साध्या थंड पाण्यानंही त्यांची विष्ठा बरीचशी वाहून जाते.

इथं गोधडीची बाजू घ्यायलाच हवी. ‘जुन्या लुगड्यांची गोधडी टाका, मुलाला नवी गादी घ्या’ असा सल्ला अनेक घरांत मिळतो. पिंजाऱ्यानं भरून दिलेली कापसाची गादी धुता येत नाही. गोधडी येते. ती धुऊन मे महिन्यात हात टेकवत नाही अशा पत्र्यावर दिवसभर टाकली आणि मध्येच उलटली, तर त्या उष्णतेनं आणि कोरडेपणानं माइट मरतात. फक्त ऊन दाखवून भागत नाही, एवढं लक्षात ठेवा: मेलेले माइट आणि त्यांची घाण कापडातच राहते. आणि ऊन दाखवलेली गादी झोडपायचीच असेल तर ते काम लेकराच्या बापानं, लेकरू शाळेत असताना करावं.

गादी बदलता येत नसेल तर घट्ट विणीचं, चेनचं कव्हर घालता येतं. नुसत्या कव्हरांनी प्रौढांचा दमा सुधारत नाही, असं 2003च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं. पण मँचेस्टरजवळ माइटची ॲलर्जी असलेल्या 284 मुलांवर झालेल्या आणि 2017 साली छापलेल्या चाचणीत खऱ्या कव्हरांच्या गटातली 29.3 टक्के मुलं वर्षभरात दम्याचा झटका येऊन रुग्णालयात गेली, साध्या कव्हरांच्या गटातली 41.5 टक्के. म्हणजे लहान मुलांत कष्टाचं चीज होऊ शकतं. औषध मात्र सुटत नाही. ‘पंपाची सवय लागते’ हाही गैरसमजच. डॉक्टरांनी नेमून दिलेला पंप मनानं बंद करणं धोक्याचं.

धूप, ऊद, उदबत्ती यांनी हवा ‘शुद्ध’ होते, हे छाती मानत नाही. त्यांचा धूर ॲलर्जी निर्माण करत नसेल, पण आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला डिवचतो. मच्छर अगरबत्ती तर त्याहून वाईट. पूर्वी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी सांगत आले आहेत की, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण सुमारे शंभर सिगारेटींइतके असतात. मच्छरदाणी लावा; ती धुताही येते.

झुरळांकडे आपण किळस म्हणून पाहतो, आजार म्हणून नाही. अमेरिकी शहरांतल्या दमेकरी मुलांच्या 1997 सालच्या अभ्यासात झुरळांची ॲलर्जी असलेली आणि झोपायच्या खोलीत झुरळांचा अंश जास्त असलेली मुलं बाकीच्यांच्या तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल झाली होती. फवारा मारून विषय संपत नाही, मेलेल्या झुरळाचा भुगाही त्रास देतो. मोरीखाली पोराचा हात पोचणार नाही तिथं जेलचे ठिपके, रात्री झाकलेला खरकटा डबा आणि साबणाच्या पाण्यानं पुसलेला ओटा, हे जास्त कामाचं.

ॲलर्जी म्हटली की लगेच ताटातलं दही, केळी, शेंगदाण्याचा कूट बंद करण्याची घाई नको. रक्ततपासणीच्या यादीत एखादा पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तो खाल्ल्यावर त्रास होतोच असं नाही. खाल्ल्यावर काय होतं ते डॉक्टरांना सांगून मगच ठरवावं.

आणि दिवाळीत आजोळी निघण्याआधी आजीला एक फोन. नातवंडांसाठी पेटीत वर्षभर जपून ठेवलेली ती मऊ गोधडी या वेळी आठ दिवस आधीच बाहेर काढून, धुऊन, कडक वाळवून ठेवायला सांगा.